जिवाचा घोर आणि सहा महिन्यांचा हिशेब

गेल्या महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकीं एक पत्र आम्हीं दोनदां वाचलें. लिहिणाऱ्या भगिनी एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील धाकट्या सूनबाई आहेत. त्या लिहितात कीं, आमच्या सासूबाईंना गेले चार महिने कशाची ना कशाची काळजी लागलेली असते. रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत त्या अंथरुणावर बसून असतात. डॉक्टरांकडे नेऊं असें मीं सुचविलें, तेव्हां थोरले दीर म्हणाले कीं, याला आजार म्हणावयाचें तर लक्षणें सहा महिने टिकावीं लागतात, असें आपण वाचलें आहे. तेव्हां आणखी दोन महिने पाहूं. दिरांचें म्हणणें शास्त्राला धरून आहे काय?

प्रश्न नीट विचारलेला आहे, म्हणून उत्तरहि प्रथमच स्पष्ट देऊन ठेवतों. दिरांनीं वाचलेला आंकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. सहा महिन्यांची मुदत ही रोगाला अमुक एक नांव द्यावें कीं न द्यावें हें ठरविण्यासाठीं डॉक्टरांनीं घातलेली आहे. घरच्या माणसांनीं हातावर हात ठेवून किती दिवस बसावें, याचा तींत कांहींच निर्देश नाहीं. हें असें कां, तें आतां विस्तारानें सांगतों. आणि अशीच एक चूक आमच्या स्वतःच्या घरीं घडलेली असल्यामुळें तीहि सांगतों.

हल्लीं आमच्या सेलूच्या बाजारांत, एस. टी.च्या थांब्यावर, शाळेच्या फाटकापाशीं, जिकडे पाहावें तिकडे ‘टेन्शन’ हा एकच शब्द ऐकूं येतो. पोराच्या निकालाचें टेन्शन, पावसाचें टेन्शन, आणि कशाचें तें सांगतां येत नाहीं असेंहि टेन्शन. या एका शब्दाच्या जागीं आपल्या भाषेंत किती तरी शब्द आहेत! धाकधूक असते ती निकाल लागेपर्यंतची. हुरहूर असते ती बाहेर गेलेलें माणूस घरीं परतेपर्यंतची. विवंचना बहुधा पैशाची. परंतु घोर हा जिवाला ‘लागतो’, आणि लागलेला सहजासहजीं सुटत नाहीं. डॉक्टर लोक ज्याला ‘जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर’ म्हणतात, व मराठींत ज्याला सर्वव्यापी चिंताविकार म्हणतां येईल, त्याला या सर्व शब्दांत घोर हाच शब्द आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो.

‘सर्वव्यापी’ हें विशेषण येथें महत्त्वाचें आहे. महाभारतांतील यक्षप्रश्नांत, गवताहूनहि संख्येनें अधिक काय, असें यक्षानें विचारलें असतां धर्मराजानें चिंता हें उत्तर दिलें आहे. ज्यानें पावसाळ्यांत कपाशीच्या शेताचें निंदण पाहिलें असेल त्याला या उत्तराचें मर्म सांगावयास नको. एका धुऱ्यापासून तण काढीत दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जावें, तों पहिल्या बाजूला पुनः हिरवें दिसूं लागतें. या विकारांत असेंच होतें. मुलाच्या नोकरीची काळजी मिटली कीं तिच्या जागीं नातवाचा खोकला येतो. खोकला गेला कीं गॅसचें बटन बंद केलें कीं नाहीं हें येतें. तें तीनदां पाहून झालें कीं माळवदाची गळती येते. काळजीचा विषय बदलतो, काळजी जागची हलत नाहीं. चरकसंहितेच्या विमानस्थानांत मनाच्या विकारांची जी नामावळी आहे, तींत भय आणि चित्तोद्वेग हे दोन शब्द वेगवेगळे दिले आहेत. भयाला समोर कांहीं तरी असावें लागतें, उद्वेगाला तशी गरज नसते, असा या दोहोंतील भेद आम्ही आमच्यापुरता समजतों.

आतां नियम पाहूं. अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें तयार केलेला निदानाचा ग्रंथ ‘डीएसएम’ या नांवानें जगभर वापरला जातो. त्याची पांचवी आवृत्ति २०१३ सालीं निघाली. तींत या विकाराची जीं गमकें दिलीं आहेत त्यांचा मतितार्थ असा : अनेक बाबींसंबंधीं अवाजवी चिंता निदान सहा महिन्यांच्या काळांत, बऱ्या दिवसांपेक्षां अधिक दिवस असली पाहिजे. ती आवरूं म्हटल्यास आवरणें कठीण झालें असलें पाहिजे. तिच्या जोडीला पुढील सहा गोष्टींपैकीं तीन तरी असाव्या : अस्वस्थपणा, लवकर येणारा थकवा, लक्ष न लागणें अथवा मन एकाएकीं कोरें होणें, चिडचिड, स्नायू आंखडणें, आणि झोंपेची तक्रार. लहान मुलांच्या बाबतींत यांपैकीं एकच गोष्ट पुरे. शिवाय या सर्वांमुळें माणसाला मोठा त्रास होत असावा किंवा त्याच्या रोजच्या कामांत अडथळा येत असावा. आणि हा दुसऱ्या एखाद्या शारीरिक रोगाचा, औषधाचा वा व्यसनाचा परिणाम नसावा, अथवा दुसऱ्या मानसिक विकारानें याचा उलगडा अधिक चांगला होत नसावा.

यांतील ‘बऱ्या दिवसांपेक्षां अधिक दिवस’ या शब्दांकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. काळजी रोजच्या रोज असलीच पाहिजे असें नाहीं. एखादी बाई लग्नघरांत चार दिवस हसतमुखानें वावरली म्हणजे तिच्याविषयीं आपण लगेच म्हणतों, ‘तेव्हां कुठं गेली होती हिची काळजी?’ त्या चार दिवसांनीं मागचा हिशेब पुसला जात नाहीं. दिवाळींत चार दिवस ताप उतरला म्हणून हिवताप नव्हता असें कोणी म्हणत नाहीं.

पण सहा महिनेच कां? ग्रंथकारांनीं आमच्या कपाशीकडे पाहून हा आंकडा ठरविला नाहीं हें उघड आहे. तथापि आम्हांला तो समजला तो मात्र आमच्या गांवच्या हंगामावरून. आमचें सेलू हें वर्धा जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव, वर्ध्याहून नागपूरला जाणाऱ्या वाटेवरचें. बोर नदीवरील धरण याच तालुक्याच्या अंगाला. आसपास कपाशी, सोयाबीन आणि तूर. जून महिन्यांत पेरणीची घाई आणि पाऊस दडी मारील कीं काय याची धास्ती. जुलै-ऑगस्टांत उघाडीची आणि दुबार पेरणीची. सप्टेंबरांत अतिवृष्टीची. ऑक्टोबरांत सोयाबीनच्या भावाची. नोव्हेंबर-डिसेंबरांत कापूस वेचावयास माणसें मिळतील कीं नाहीं याची. मग केव्हां तरी कापसाची गाडी बाजारांत जाते, पैसा हातीं येतो, देणें भागतें, आणि ज्या माणसानें सहा महिने आभाळाकडे पाहत काढले तो त्या रात्रीं आडवा होतो आणि घोरूं लागतो.

ही काळजी हंगामाबरोबर आली आणि हंगामाबरोबर गेली. तिला रोग म्हणणें हा शेतकऱ्याचा अपमान होय. २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कपाशीचें अतोनात नुकसान केलें. त्या वर्षीं ज्याला झोंप आली नाहीं त्याची झोंप उडावयास पुरेसें कारण होतें. एखाद्या आपत्तीनंतर तीन महिन्यांच्या आंत सुरू होणारा, आणि ती आपत्ति व तिचे परिणाम संपल्यावर सहा महिन्यांच्या आंत ओसरणारा जो त्रास, त्याला डॉक्टरहि निराळें नांव देतात. परंतु कापूस विकला गेला, देणें फिटलें, पुढचा पाऊस पांच महिने लांब आहे, आणि तरीहि माणूस रात्रीं उठून बसतो, तर त्या काळजीनें आपल्या कारणाची साथ सोडली असें समजावें. सहा महिन्यांच्या मुदतीमागील हेतु हाच. एवढ्या काळांत बहुतेक प्रसंग येतात आणि जातात. प्रसंग गेल्यावर मागें काय उरलें तें पाहणें सोपें जातें.

येथें एक खुलासा केला पाहिजे. काळजीचें कारण खरें असणें आणि काळजीचा विकार जडणें, या दोन गोष्टी एकाच घरांत नव्हे, एकाच माणसांत नांदूं शकतात. २००६ सालीं केंद्र सरकारनें शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं विशेष मदत जाहीर केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम यांबरोबर आमचा वर्धा जिल्हाहि त्यांत होता. पुढें २०१५ सालीं राज्य शासनानें मराठवाडा व विदर्भ मिळून चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ नांवाचा प्रकल्प सुरू केला, तो शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीं. हीं दोन पावलें एकमेकांना पूरक आहेत. कर्जबाजारी माणसाला कर्जाचीहि सोय पाहिजे आणि झोंपेचीहि. ‘त्याला खरेंच टेन्शन आहे, डॉक्टर काय करणार?’ असें म्हणून त्याला दारांतून परत फिरविणें हें कोरड्या सहानुभूतीचें लक्षण आहे.

कोणी असें समजूं नये कीं हा सहा महिन्यांचा आंकडा म्हणजे वेदवाक्य आहे. फ्रॉइडनें १८९५ सालीं चिंतेच्या विकाराला मज्जादौर्बल्याच्या गाठोड्यांतून वेगळें काढलें. पुढें १९८० सालीं डीएसएम ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तींत, एकाएकीं येणाऱ्या भीतीच्या झटक्यांचा विकार आणि हा सतत टिकणारा विकार, अशा दोन वाटण्या झाल्या. त्या वेळीं या विकाराला मुदत होती एका महिन्याची. पण एका महिन्यांत साध्या संसारी चिंतेपासून हा विकार वेगळा काढणें कठीण जाऊं लागलें, म्हणून १९८७ च्या सुधारलेल्या आवृत्तींत महिन्याचे सहा महिने झाले. १९९४ सालीं लक्षणांची लांबलचक यादी छाटून सहांवर आणली. मुदत तीच राहिली, आणि २०१३ सालींहि तीच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या ग्रंथांत इतका नेमका आंकडा घातलेला नाहीं. तिच्या दहाव्या आवृत्तींत कित्येक आठवडे, बहुधा कित्येक महिने, अशी भाषा होती. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तींत ‘निदान कित्येक महिने’ असें आहे. शिवाय २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका अभ्यासांत असें आढळलें कीं, एक ते पांच महिने त्रास भोगणारे लोक आणि सहा महिन्यांहून अधिक भोगणारे लोक यांच्या हालअपेष्टांत फारसें अंतर नव्हतें.

म्हणजे १९८१ सालीं दोन महिन्यांच्या त्रासावर ज्या माणसाला हें नांव मिळालें असतें, त्याला १९८८ सालीं तें मिळालें नसतें. माणूस तोच, त्याची उडालेली झोंपहि तीच. आम्ही पडलों मास्तर, म्हणून शाळेचाच दाखला देतों. वार्षिक परीक्षा एप्रिलांत होते, आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्ण हा शेरा तेव्हांच बसतो. म्हणून ज्या मुलाला ऑगस्टांत त्रैराशिक येत नाहीं त्याला कोणी एप्रिलपर्यंत तसाच सोडून देतो काय?

आतां आमच्या घरची गोष्ट. आमच्या थोरल्या वहिनींनीं आम्हांला लहानाचें मोठें केलें. घर मोठें, पाऊणशे माणसांची पंगत पाहिलेलें. वहिनींची काळजी करण्याची वृत्ति सर्वांना ठाऊक होती. नागपूरला गेलेला मुलगा सायंकाळच्या बसनें उतरेपर्यंत त्या ओसरीवरून उठत नसत; तो उतरला कीं दुसऱ्या दिवशींच्या बसची काळजी. आभाळ भरून आलें तरी चिंता, आणि न आलें तरी चिंता. आम्हीं एकदां विनोदानें त्यांना ‘हवामान खातें’ असें नांव दिलें. तें घरांतल्या मुलांनीं उचललें. पुढें वहिनींनीं कांहीं विचारलें कीं पोरें ‘खात्याचा अंदाज आला’ म्हणून हसत, आणि वहिनीहि हसत. मास्तरानें ठेवलेलें नांव पोरें विसरत नाहींत, हें आम्हांला तरी ठाऊक असावयास हवें होतें.

पुढें वहिनींची मान आंखडूं लागली. मलमें झालीं, शेक झाला. छातींत धडधडतें म्हणून हृदयाचा आलेख काढला. तो चांगला निघाला, आणि परत येतांना आमचे बंधु म्हणाले, ‘काही नाही, उगाच घाबरते.’ आमटींत मीठ दोनदां पडूं लागलें. सुनांवर कधीं आवाज न चढविणाऱ्या वहिनी भांड्यांच्या आवाजानें चिडूं लागल्या. मानेचा इलाज निराळा झाला, पोटाचा निराळा, झोंपेचा निराळा. या सर्व गोष्टी एका दोऱ्यांत ओवून पाहाव्या असें आम्हां कोणालाहि सुचलें नाहीं. कोणीं विचारलेंच तर आमचें उत्तर ठरलेलें असे : ‘त्यांचा स्वभावच तसा आहे.’

शेवटीं धाकट्या सूनबाईंनीं हट्ट धरला, म्हणून वहिनींना मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलें. डॉक्टरीणबाई वयानें आमच्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनीं पहिलाच प्रश्न केला, ‘हे केव्हापासून आहे?’ बंधु म्हणाले, ‘तसं नेहमीचंच.’ आम्ही म्हणालों, ‘अलीकडे दोन-चार महिने जरा वाढलं आहे.’ डॉक्टरीणबाईंनीं आम्हां दोघांनाहि गप्प बसावयाची खूण केली आणि वहिनींकडे पाहिलें. वहिनी खालीं पाहत म्हणाल्या, ‘थोरल्या नातवाच्या मुंजीपासून.’

मुंज होऊन नऊ वर्षें झालीं होतीं.

मधें कांहीं काळ बरा गेला काय, असें विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘एका वर्षी कापसाला भाव चांगला आला. सगळं देणं फिटलं. त्या रात्री मला वाटलं, आज झोप लागेल. नाही लागली. तेव्हा कळलं की हे कापसाचं नव्हतं.’

सहा महिन्यांची ती मुदत आमच्या घरांत अठरा वेळां उलटून गेली होती. वहिनींनीं ती मोजली होती. गणित शिकविण्यांत हयात घालविलेल्या आम्हीं मोजली नव्हती. म्हणूनच आज कोणी सहा महिन्यांचा नियम सांगूं लागला कीं आमच्या मनांत येतें, आमच्या घरांत पहिल्या सहा महिन्यांनंतर तरी कोणीं हा नियम सांगितला असता तर किती बरें झालें असतें! नियमाचा खरा उपयोग तेथें आहे. ‘स्वभाव’ या शब्दाआड दडलेल्या दुखण्याला तो बाहेर ओढतो. सहा महिने झाल्यावर ‘होईल बरं’ हें वाक्य घरांत उच्चारूं नये. सहा महिने झाले नसतील तर मात्र याच नियमाची ढाल पुढें करूं नये.

वहिनींना गोळ्या सुरू झाल्या, आणि आठवड्याला एकदां बोलण्याची बैठक. पहिले पंधरा दिवस कांहींच फरक दिसेना. बंधु गोळ्या बंद करावयास निघाले होते. परंतु या औषधांचा गुण यावयास कांहीं आठवडे लागतात, हें डॉक्टरीणबाईंनीं आधींच बजावून ठेवलें होतें म्हणून निभावलें. बैठकींत त्यांनीं वहिनींना एक युक्ति शिकविली. दिवसभर येणारी प्रत्येक काळजी ‘तुला दुपारीं चार वाजतां भेटेन’ असें सांगून पुढें ढकलावयाची, आणि चार ते साडेचार या वेळांत सर्व काळज्या कागदावर मांडावयाच्या. डावीकडे ज्यांवर आज कांहीं करतां येईल त्या, उजवीकडे ज्यांवर कांहींच करतां येणार नाहीं त्या. मानसोपचारांत ही रीत बऱ्याच वर्षांपासून वापरली जाते. कागद आम्हीं पुरविले. घरांत कोऱ्या उत्तरपत्रिका पडल्या होत्या. एके दिवशीं वहिनींनीं ती वही आपण होऊन आमच्यापुढें सरकविली. डावीकडच्या रकान्यांत लिहिलें होतें, ‘भाऊजींचा हयातीचा दाखला. नोव्हेंबर.’ आम्ही तो दाखला द्यावयाचा साफ विसरलों होतों.

आतां वाचकांच्या उपयोगाच्या कांहीं गोष्टी.

पहिली ही कीं, मोजावयाचें तर नीट मोजावें. ‘पुष्कळ दिवसांपासून’ या शब्दांचा डॉक्टरांना उपयोग होत नाहीं. घरांतील सण, मुंज, पेरणी, परीक्षा यांना धरून विचारावें : संक्रांतीला असें होतें काय? अक्षय्य तृतीयेला? पोळ्याला? भिंतीवरील दिनदर्शिकेवर वाईट गेलेल्या रात्रीं एक बारीकशी खूण करावी. महिन्याच्या अखेरीस खुणा पंधरांच्या वर आहेत कीं खालीं, हें आपोआप दिसतें. ही खूण ज्याची त्यानें करावी. दुसऱ्यानें त्याच्यावर पाळत ठेवूं नये.

दुसरी गोष्ट, सगळ्याच विकारांची मुदत सारखी नसते. उदासीनतेच्या मोठ्या विकाराला, म्हणजे डिप्रेशनला, दोनच आठवडे पुरे धरले आहेत. ज्या घरांत ‘सहा महिने’ हा एकच आंकडा पाठ झालेला असतो, तेथें चिंतेच्या पदराआड दडलेलें डिप्रेशन पांच-सहा महिने दुर्लक्षिलें जाण्याचा धोका असतो, आणि हे दोन विकार पुष्कळदां एकत्र असतात. डॉक्टर चाचणीसाठीं सात प्रश्नांची एक छोटी पत्रिका देतात. ‘जीएडी-७’ नांवाची ही पत्रिका २००६ सालीं तयार झाली. तिच्यांतील प्रश्न गेल्या दोनच आठवड्यांविषयीं असतात; एकवीसपैकीं दहा वा अधिक गुण पडल्यास पुढील तपासणी करावी असें धरतात. पत्रिकेवरून निदान ठरत नाहीं, दिशा कळते. विचारपूस करावयास दोन आठवडे पुरतात, एवढें तरी तीवरून ध्यानांत यावें.

तिसरी गोष्ट, शरीराची तपासणी प्रथम करावी, आणि ती करावयास तर एक दिवसहि थांबण्याचें कारण नाहीं. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि अधिक काम करूं लागली तर धडधड, घाम, हात थरथरणें, झोंप न येणें हें सर्व होऊं शकतें. दम्याच्या कांहीं औषधांनीं, अति चहा-कॉफीनें, आणि दारू एकाएकीं सोडल्यानेंहि असें होतें. विशेषतः ज्याला जन्मभर असा त्रास नव्हता त्याला उतारवयांत तो प्रथमच सुरू झाला, तर शरीरांत कारण शोधल्याशिवाय मनाला दोष देऊं नये.

चौथी गोष्ट, जिवाचें बरेंवाईट करून घेण्याचें बोलणें निघालें, मग तें चेष्टेंत कां असेना, तर तेथें महिने, आठवडे, दिवस यांपैकीं कोणतेंच माप लागू नाहीं. त्याच दिवशीं, त्याच घटकेस मदत मिळवावी. माणसाला एकटें ठेवूं नये. फवारणीचें औषध घरांतून हलवावें. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनि-सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. मराठींतून बोलतां येतें.

उपचाराविषयीं आमच्या वयाच्या लोकांत दोन गैरसमज आहेत. एक असा कीं, मनाच्या डॉक्टरकडे जाणें म्हणजे वेड्यांच्या रुग्णालयाची पायरी चढणें. वास्तविक आज मोठ्या सर्वसाधारण रुग्णालयांतच हा विभाग असतो. आमच्या जिल्ह्यांत सेवाग्राम येथें १९६९ सालीं सुरू झालेलें जें वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथेंहि तो आहे. डोळ्यांच्या विभागाकडे जावें तसें तिकडे जावें. दुसरा गैरसमज असा कीं, या गोळ्यांची संवय लागते. चटकन् झोंप आणणाऱ्या कांहीं गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास तसें होतें हें खरें. म्हणून त्या मागून घेऊं नयेत. मुख्य औषधें निराळीं असतात. तीं हळूहळू गुण देतात, आणि तीं बंद करावयाचीं तेव्हां डॉक्टरांच्या सांगण्यानें हळूहळूच करावीं. नुसत्या बोलण्याच्या उपचारानेंहि पुष्कळांना बरें वाटतें. आपल्या शेजारच्या गोव्यांत चिंता व उदासीनता यांनीं त्रासलेल्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. साध्या आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या परंतु शिकवून तयार केलेल्या सल्लागारांकडून असे उपचार देण्यांत आले. सरकारी केंद्रांतील रुग्णांना त्याचा उपयोग झाला, हें २०१० सालीं प्रसिद्ध झालें आहे. जें गोव्यांतील आरोग्य केंद्रांत साधलें तें आमच्या तालुक्याच्या गांवांत साधूं नये असें कांहीं नाहीं.

आतां पत्रलेखिका भगिनींना. ताई, आपल्या दिरांशीं वाद घालूं नये. त्यांनीं घरांतल्या आजारासाठीं कांहीं तरी वाचलें हेंच पुष्कळ आहे. आमच्या घरीं तेवढेंहि कोणीं केलें नव्हतें. त्यांना एवढेंच विचारावें कीं, दोन महिन्यांनंतर आपण काय करणार? डॉक्टरांकडे नेणार, असेंच ते म्हणतील. मग सासूबाईंनीं मधल्या साठ रात्रीं जागून काढल्यानें कोणाला काय मिळणार, हें त्यांचें त्यांनाच दिसेल. डॉक्टर कदाचित् म्हणतील कीं हा तो विकार नव्हे; थायरॉइड आहे, किंवा एखाद्या प्रसंगाचा ताण आहे, किंवा अद्याप नांव देतां येत नाहीं. यांपैकीं कांहींहि म्हटलें तरी आपली फेरी फुकट गेली असें होत नाहीं. जातांना घेत असलेल्या सर्व औषधांची यादी न्यावी, आणि त्रास केव्हां सुरू झाला त्याची आठवण आधींच ताजी करून घ्यावी.

हें उत्तर छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं वहिनींना वाचून दाखविलें, कारण त्यांची हकीकत त्यांच्या अनुमतीशिवाय लिहिणें योग्य नव्हतें. त्या तूर निवडीत बसल्या होत्या. सर्व ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, ‘लिहा, माझी हरकत नाही. फक्त त्या मुलीला आणखी एक सांगा. सासूबरोबर आत जा म्हणावं, एकटीला पाठवू नको. पण केव्हापासून म्हणून विचारलं, की उत्तर तिचं तिला देऊ दे.’